भंडारा लावून वाच

वाई,
६ नोव्हेंबर २०२४

हरिओम भौ,

चौथीत शाळा सोडलेला माणूस पत्र लिहायलाय म्हणून हसशील, तर हस. फोन लागत न्हाई म्हणून तू रागात असशील, पण माझा फोन गेटवरच्या कपाटात जमा हाय. इथं कामावर येणाऱ्या सगळ्यायचा जमा असतो. म्हैन्याला एक दीस सुट्टी, तवा घडीभर हातात मिळतो.

कुठं हाय ते वाचायच्या आधी खाली बस. मी भार्गव सरनोबतच्या बंगल्यावर हाय. खरंखुरं. मागल्या वर्षी फलटणकडं शूटिंगला आपली मेंढरं भाड्यानं गेली व्हती अन मी सोबत गेलो व्हतो, ते तुला म्हाईतच हाय. सिनेमात सायेबाची ती धनगराची चाल हाय ना, काठी मानंमागं आडवी टाकून, डावा पाय जरा फेकून? ती आपल्या आबाची चाल हाय. सायेबानं मला इचारलं, तुझे वडील कसे चालतात, मी चालून दाखवलं. तवापून मी त्यांच्या ध्यानात ऱ्हायलो. सिनेमा झाल्यावर त्यांनी त्यातली अकरा मेंढरं इकत घेतली अन आता मला बोलावून घेतलं.

पैल्या दिवशी साधना मॅडमनी, त्या इथल्या मॅनेजर हायत, चार पानी इंग्रजी कागद पुढं केला. सही कर म्हणल्या. सायेब म्हणले, "कागद राहू द्या. कागदानं याला काय होणार?" अन आतून डबी आणली. भंडाऱ्याची! मला म्हणले, "उचल. इथं जे बघशील ते या फाटकाबाहेर जाणार नाही." मी उचलला. आपल्यात भंडारा उचलला की काय असतं ते तुला सांगायला नको. आबानं तंबाखूपायी एकदा उचलला, तवापून पुडीकडं बघितलं न्हाई.

पण भौ, मुंबैत त्यांच्या दारात आपण दोघं दोन दीस उपाशी उभे ऱ्हायलो व्हतो. पोलिसाची काठी तुझ्या पोटरीवर बसली व्हती. अन आता मी एकट्यानंच बघायचं? म्हणून या पाकिटात भंडाऱ्याची पुडी घातलीय. कपाळाला लाव, मग पान उलट. एका भंडाऱ्यात दोघं आलो की तू बाहेरचा ऱ्हात न्हाईस. हे मी माझ्या मनानंच ठरवलंय, कुणाला इचारलं न्हाई.

लावलास? आता ऐक.

रोज सकाळी सात वाजता सायेब धोतर नेसतात, पटका बांधतात, घोंगडी घेतात, माझ्या जुन्या वहाणा घालतात अन मागच्या फाटकातनं मेंढरं घेऊन भाईर पडतात. वळसा घालून मोठ्या गेटासमोरनं जातात. तिथं रोज तीस-चाळीस लोक त्यांचीच वाट बघत उभे असतात. सायेब त्यांच्यामधनं जातात अन एकबी वळखत न्हाई. पैल्या दिवशी मीच मेंढराआड तोंड लपवून चाललो. ते मात्र आबासारखे निवांत.

माऊली म्हणून इथं स्वैपाकी हाय, आपल्याच जिल्ह्यातला, वालूरचा. बाजाराला जातो तवा तो पत्र पोस्टात टाकतो. तू माऊलीच्या नावानं धाड, पत्ता मागं लिहिलाय.

तुझा
जीवन


पाथरी,
१८ नोव्हेंबर

प्रिय जीव्या,

पत्र तीनदा वाचलं. दुकानात गिऱ्हाईक झेरॉक्स घेऊन उभं होतं, मी आपला मशीनवर हात ठेवून वाचतोय. भंडारा लावला, काळजी करू नको. देवासमोर उभा राहून लावला.

लेका, तुझं नशीब! आपलं चाहता मंडळ तुला माहीतच आहे. पंचवीस पोरं, दर वाढदिवसाला केक कापतात, अन साहेबाला खरं जवळून कुणीच बघितलं नाही. आता आपल्यातला एक जण त्यांच्या मागं चालतो. मी कुणाला सांगणार नाही, पण छाती फुगलीय.

सगळं लिही. काय खातात, लोकांशी कसे बोलतात, मुलाखतीत एवढे तुसडे असतात तसे घरात पण आहेत का? तिथं येणारे लोक काय काय करतात? मोठं पत्र लिही. तुला लिहिता येत नाही असं कोण म्हणतं? वाचताना समोर दिसतं.

तुझ्या घरी काका-मावशी बरे आहेत. तुझी बहीण राजेश्री बारावीचा अभ्यास करायलीय.

तुझा
हरिओम


वाई,
२ डिसेंबर

हरिओम भौ,

तू म्हणलास मोठं लिही, म्हणून माऊलीकडनं वही मागून घेतली.

काल काय झालं, ऐक. गेटावर एक गडी उभा व्हता, दंडावर सायेबाचं तोंड गोंदलेलं. ह्ये एवढं. आमी आलो तर म्हणतो, "ए बाबा, हाक की पुढं! सगळीकडं लेंड्या पाडायलास. सायबांची गाडी निघायची वेळ झाली." सायेब थांबले. त्याच्या दंडाकडं बघितलं. गडी आणखीनच तापला, "बघतोस काय? कधी बघितला न्हाई का ह्यो माणूस?" सायेब म्हणले, "न्हाई बा." अन त्यानं सायेबाच्या पाठीला हात लावून रस्त्याच्या कडंला सारलं! दंडावर सायेब, अन सायेबालाच ढकलायलाय.

पुढं एक म्हातारी बसली व्हती, पदरात केळी बांधलेली. दोन केळी सायेबाच्या हातात दिली अन इचारलं, "तुम्ही इथलेच का हो? कसा आहे तो माणूस?" सायेब आबाच्या आवाजात म्हणले, "कुणाला ठावं माय. आमी त्याला कदी बघितलाच न्हाई." म्हातारी म्हणली, "माझा लेक गेला त्या साली त्याचे सिनेमे बघून दिवस काढले मी. तेवढं सांगायचं होतं." सायेबानं मान हलवली अन मेंढराला हाळी दिली.

टेकाडावर गेल्यावर ते केळं सोलून खात मला म्हणले, "जीवन, चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा मला कुणी रस्त्यातून हाकललं. फार बरं वाटलं." अन हसले. डोळ्यात पाणी येस्तोवर हसले. पण ते म्हातारीपायी व्हतं का हसून आलं व्हतं, मला कळलं न्हाई.

अन तोच माणूस मागल्या म्हैन्यात एका दुपारी चहा गार झाला म्हणून कप माऊलीच्या पायाशी उलटा करतो. "पूस," म्हणले. माऊलीनं पुसलं. मग तीन दीस कुणाशी बोलले न्हाईत. चौथ्या दिवशी माऊलीच्या पोरीला वह्या-पुस्तकाचं खोकं. असा माणूस हाय. मी ठरवायचं सोडून दिलंय.

पण सकाळच्या त्या दोन तासात ते कुणावरच डाफरत न्हाईत. साधना मॅडम म्हणतात, तेवढं हाय म्हणून सायेब टिकून हायत. अन ते दोन तास माझ्या हातात हायत, भौ. मी चार हॉटेलं सोडली, वीटभट्टी सोडली, कुठं मन लागलं न्हाई. इथं लागायलंय.

तुझा
जीवन


पाथरी,
२० डिसेंबर

जीव्या,

दुकानात गर्दी आहे, थोडक्यात लिहितो. तुझं पत्र भारी होतं. त्या म्हातारीचं वाचून मावशी आठवली.

एक विचारायचं होतं. मागचं फाटक म्हणजे नक्की कुठल्या बाजूला? घोंगडी काळी का पांढऱ्या पट्ट्याची? रविवारी पण जातात का? असंच विचारतो, डोळ्यासमोर चित्र नीट उभं राहावं म्हणून.

उत्तर लवकर दे.

हरिओम


वाई,
९ जानेवारी २०२५

हरिओम,

तू इचारलेलं मागल्या पत्रात कळवलं व्हतं. नदीकडचं फाटक, काळी घोंगडी, रइवारीबी जातात. ते पत्र तुला पोचलं असंल.

पाच तारखेला, रइवारी, आमी मागचं फाटक उघडलं तर भाईर दोनशे माणूस. सगळ्यायचे फोन वर. "आले आले!" म्हणून असा कालवा झाला की मेंढरं उधळली. कुणी सायेबाची घोंगडी ओढायलं, कुणी पटका. तो पटका एका पोरानं डोक्यात घालून फोटो काढला. सायेब दोन्ही हातानं तोंड झाकून उभे, जसं लहान लेकराला मारायलेत. एक मेंढी मोटरसायकलीखाली आली, तिचा मागचा पाय मोडला. मी तिला उचललं का सायेबाला सांभाळलं, मला आठवत न्हाई.

आत आल्यावर सगळ्यायला ओळीत उभं केलं. साधना मॅडम म्हणल्या, कुणी सांगितलं? सायेबानं सगळ्यायकडं बघितलं, माझ्याकडंबी बघितलं, अन माऊलीकडं बोट केलं. "हा बाजारात जातो. उद्यापासून नको." माऊलीनं नुसतं माझ्याकडं बघितलं. माझी पत्रं त्यानंच टाकली व्हती. तो एक शबूद बोलला असता तर मी भाईर असतो. तो बोलला न्हाई. अन मी, बावीस वर्षाचा घोडा, मीबी बोललो न्हाई. सकाळी तो पिशी घेऊन गेला.

तवापून सायेब खोलीच्या भाईर आले न्हाईत.

भौ, तू कुणापशी बोललास का? चुकून, पोरात बसून? खरं सांग. मी रागवणार न्हाई. तू सांगितलंस तर मी सायेबासमोर जाऊन उभा ऱ्हातो अन माऊलीला परत आणतो. फक्त मला अंधारात ठेवू नको.

हे पत्र दूधवाल्याकडून टाकायलोय. तू त्याच्याच पत्त्यावर लिही, मागं दिलाय.

जीवन


पाथरी,
१९ जानेवारी

जीवन,

तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. माझ्यावर संशय? माझ्यावर? लहानपणी एका ताटात जेवलेली माणसं आपण.

मी कपाळाला भंडारा लावून तुझी पत्रं वाचली. कुणाला दाखवली नाहीत, ट्रंकेत कुलूप लावून ठेवलीत. तुझ्या त्या माऊलीनंच सांगितलं असणार. साहेबानं त्याचा अपमान केला होता ना? तूच लिहिलं होतंस. अशी माणसं डूख धरतात. उगाच स्वतःवर घेऊ नको अन नोकरी घालवू नको. साहेबापाशी तू राहिलास तर उद्या आपल्या सगळ्यांचंच भलं आहे.

पुन्हा असं विचारू नको. मन दुखतं.

तुझाच
हरिओम


वाई,
२७ जानेवारी

हरिओम भौ,

तुझं पत्र आलं, जीव भांड्यात पडला. माझीच अक्कल शेण खायला गेली व्हती. माफ कर.

आता एक बातमी. आधी शपथ आठव, मग वाच. सायेबाचा जीव इथं रमंना. लोकायनी रस्ता बघितला. तर ते आपल्याकडं यायलेत! मी सांगितलं, आमच्याकडं एवढा मोकळा रस्ता हाय, कुणी वळखणार न्हाई. सोळा फेब्रुवारीला, रइवारी, सकाळी, मानवतहून पाथरीकडं. पायी, एकटे, भाड्याची मेंढरं घेऊन. बोलीबी अगदी आपलीच बोलणार. मी सोबत नसणार, म्हणजे कुणाला संशय नको.

तू दुरून बघ. जवळ जाऊ नको, फोन काढू नको. तुला जलमभर बघायचं व्हतं, म्हणून तुला एकट्याला सांगितलं.

तुझा
जीवन


पाथरी,
२२ फेब्रुवारी

जीवन,

तुला पत्र लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. तू असा निघशील असं वाटलं नव्हतं.

सोळा तारखेला त्या रस्त्यावर कोण आलं, सांगू? काका आले. तुझे आबा. दरसाल ते जिंतूरकडं जातात, पण यंदा पाथरीच्या अलीकडं एका कास्तकारानं शेतात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं होतं. तुला घरी पत्र लिहायला वेळ नाही, म्हणून तुला माहीत नाही.

मी फक्त मंडळाच्या चार पोरांना सांगितलं होतं. ते कसं पसरलं मला माहीत नाही. हजारभर माणसं होती, सेलूहून, परभणीहून जीपा भरून आली. काकांना लांबून बघितलं अन कुणीतरी ओरडलं, "चाल बघा, चाल! सिनेमातलीच!" मग कोण ऐकतं? काका म्हणायलेत, "आरं बाबांनो, मी पेडगावचा रायभान हाय, मला कामून धरायलेत?" अन लोक टाळ्या वाजवायलेत. "काय ॲक्टिंग आहे! बोली कशी उचललीय बघा!" ते जितकं सांगतील तितकं लोक खूश. गळ्यात हार घातले. एका पोरीनं पाय धरले, काका घाबरून मागं सरले. एकानं मिशी ओढून बघितली, चिकटवलेली आहे का म्हणून.

मग बाजारातल्या मुंजाजी खाटकानं ओळखलं. म्हणाला, "अरे हा तर मेंढक्या रायभान, माझ्याकडं बकरं घालतो." तेव्हा लोकांचं डोकं फिरलं. फसवलं म्हणाले. जणू काकांनीच फसवलं. हार तोडले, एकानं पाठीत बुक्की घातली. दोन कोकरं हरवली. मी मध्ये पडून सोडवलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं.

मंडळाची अन माझी गावात इज्जत राहिली नाही. दुकानावर पोरं येऊन शिव्या देऊन जातात. तू खोटं का लिहिलंस? मी तुझं काय वाईट केलं होतं?

हरिओम


वाई,
३ मार्च

राजे,

हे पत्र आबाला वाचून दाखव. आई बसली असली तर तिच्यासमोर वाच. मधलं काई गाळू नको. तुला लाज वाटंल अशा जागा हायत, तिथं थांब, पाणी पी, अन पुढं वाच.

आबा, सोळा तारखेला रस्त्यावर तुमाला ज्यानं उभं केलं, तो मी हाय.

हरिओमला मी सायेबाची गोष्ट लिहिली व्हती, भंडारा उचललेला असताना. त्याला शपथ घालून लिहिली म्हणजे माझी शपथ मोडत न्हाई, अशी मी माझ्या सोयीची समजूत काढली. जानेवारीच्या शेवटी दूधवाल्यानं त्याच्या फोनवर मला मंडळाचं पान दाखवलं. माझी पत्रं तिथं शब्दाला शबूद व्हती, खाली हरिओमचं नाव. 'मी स्वतः बघितलेले भार्गवसाहेब.' केळाची म्हातारीबी त्यानंच बघितली व्हती. तारीख पाच डिसेंबर. म्हणजे माझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी. मला "मन दुखतं" म्हणून लिहिलं त्याच्या आधी दीड म्हैना.

मी त्याला तोंडावर इचारायला पायजे व्हतं. पण मला त्याचं हसं करायचं व्हतं. हजार लोक रस्त्यावर उभे ऱ्हावेत, कुणीच येऊ नये, अन सगळ्यायनी मिळून त्याला धरावं. म्हणून सायेब येणार म्हणून खोटंच लिहिलं. तुमी जिंतूरकडं असाल हे मी धरूनच चाललो. घरी एक पत्र टाकून इचारलं असतं तर कळलं असतं. मी चार म्हैन्यात त्याला पाच पत्रं लिहिली अन तुमाला एकबी न्हाई.

परवा सुट्टीला फोन हातात आला. सोळा तारखेचा व्हिडिओ बघितला, नऊ मिनिटाचा. काढणारा हरिओमच हाय, त्याचा आवाज हाय. तुमी वळणावर दिसता तवाच तो "अरे" म्हणतो अन गप बसतो. आबा, त्यानं तुमाला पैल्याच मिनिटाला वळखलं. "सोडा, हे माझे काका हायत," असं तो आठव्या मिनिटाला म्हणतो. मधी सात मिनिटं तो फोन धरून उभा हाय. हे त्याच्यावर घालायला लिहीत न्हाई. तुमाला म्हाईत असावं म्हणून लिहितो, कारण तो घरी येऊन मीच सोडवलं म्हणून सांगत असंल.

तुमी म्हणायलात, "मी रायभान हाय, मी रायभान हाय," अन लोक हसायलेत. ते मी बघितलं. सायेबाला ती चाल मी दिली. तुमाला न इचारता दिली.

काल मी सायेबासमोर गेलो. सगळं सांगितलं अन म्हणलं, मला काढा, माऊलीला परत बोलवा. ते खिडकीपाशी बसले व्हते. म्हणले, "मला माहीत आहे." मी म्हणलं, कवापून? तर म्हणले, "गर्दी झाली त्याच दिवसापासून. 'चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हाकललं,' हे मी फक्त तुझ्याजवळ बोललो होतो. ते मंडळाच्या पानावर वाचलं तेव्हा अजून कोण असणार?"

मग माऊलीला का काढलं, इचारलं.

म्हणले, "कुणाला तरी काढायला लागतं, नाहीतर बाकीचे बिघडतात. स्वयंपाकी मिळतो रे. मेंढरांमागं तुझ्यासारखा चालणारा मिळत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूनं जाऊ आपण."

अन मग, आबा, त्यांनी मला इचारलं, लोकायनी धरलं तवा तुझे वडील नेमके कसे उभे होते? हात कुठं होते? उठून उभे ऱ्हायले अन करून बघायले. खांदे पाडले, मान आत घेतली. हुबेहूब तुमी. मला म्हणले, "असे?"

मी म्हणलं, मला म्हाईत न्हाई. अन भाईर आलो.

सांजच्या गाडीनं निघायलोय. आधी वालूरला उतरणार, माऊलीच्या घरी. तो दारात घेईल का न्हाई, सांगता येत न्हाई. त्याच्या पोरीसमोर मला बोलायचंय की तुझ्या बापानं काई केलं न्हाई. तिथून मग पेडगावला. घरात घ्यायचं का न्हाई ते तुमी ठरवा. न्हाई म्हणलात तर त्या दोन कोकरायला हुडकत मी पाथरीकडच्या वाड्या फिरीन, तसाबी फिरणारच हाय.

राजे, वाचून झालं की आबा काय म्हणले ते लिहून ठेव, मी आल्यावर वाचीन. काईच न म्हणता उठून मेंढराकडं गेले, तर तेबी लिही.

जीवन